अव्वल वीट

तामोरेभाऊ कुणाच्याही घरात शिरण्याआधी दाराजवळच्या भिंतीवर बोटाचं पेर आपटायचे. दोनदा. मान किंचित कलती करून ऐकायचे आणि मगच चपला काढायचे. आमच्या शाळेत ते पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. मी तेव्हा नवीन होते. घाटावरून बदली होऊन आलेली, डहाणूजवळ मसोलीत खोली घेतलेली, रोज स्कूटीवरून सायवनच्या अलीकडच्या त्या पाड्यावर जाणारी. वर्गाच्या दारात पंचाहत्तरीचा सडपातळ म्हातारा उभा होता. पांढरा हाफ शर्ट, पायजमा, कानावर पेन्सिल. तो भिंत वाजवत होता.

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

"कोणी नको. ही आमची वीट नाही, बाहेरून आणलेली आहे. सांभाळून राहा." एवढं बोलून ते निघून गेले.

मुलं हसली. त्यांना सवय होती. "ते तामोरेभाऊ, बाई. कारखान्यावरचे."

कारखाना म्हणजे पाड्याच्या टोकाला असलेला विटांचा जुना कारखाना. बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मशिनं भंगारात गेली होती आणि शेठची पुढची पिढी वापीला राहत होती. जागेवर उरलं होतं ते एवढंच: गोल, बुटक्या किल्ल्यासारखी दिसणारी भट्टी, तिच्या मधोमध शंभर फुटांची चिमणी, कच्च्या विटा वाळवायची पत्र्याची लांबलचक शेड आणि ऑफिसची एक खोली. त्या खोलीत तामोरेभाऊ राहायचे. पगार नाही, नेमणूक नाही. चिंचणीला मुलगा, सून, नातवंडं. मुलगा तारापूरच्या कंपनीत. "घरी चला," म्हणून तो दर महिन्याला न्यायला यायचा आणि पिशवीभर सुके बोंबील ठेवून एकटाच परत जायचा.

भाऊ राहिले होते ते वह्यांसाठी. एकवीस-बाविसाव्या वर्षी ते चिंचणीहून इथे नोंदी ठेवायला आले आणि कारखाना बंद होईपर्यंत त्यांनी रोजचं पान लिहिलं. एकसष्ट वह्या. प्रत्येक वही लाल फडक्यात, फडक्यात कडुनिंबाचा पाला. पावसाळा संपला की सगळ्या वह्या अंगणात उन्हाला पसरायचे आणि हातात काठी घेऊन कोंबड्या हाकलत दिवसभर मध्ये बसायचे.

मला वाटलं होतं, विटांच्या कारखान्याच्या वहीत विटांचे आकडे असतील. ते होतेच. कुठल्या खणातली माती, भट्टीचा कितवा कप्पा, विटेचा रंग, गाडी कुठे गेली. पण त्याच पानावर कुणाला विंचू चावला, कोण बाळंत झाली, कुणाच्या घरी लग्न म्हणून कोण आलं नाही, पाऊस किती वाजता सुरू झाला नि किती वाजता थांबला, हेही होतं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अक्षर: 'पा' किंवा 'ऐ'. पाहिले किंवा ऐकले. बोलतानाही त्यांची तीच खोड. कुणी काहीही सांगत आलं की भाऊ मध्येच हात वर करायचे. "पाहिलंस की ऐकलंस?" माणूस गडबडायचा. अर्ध्या बातम्या तिथेच मरायच्या.

मला एकदा त्यांनी विचारलं, "बाई, हजेरी कशी घेता?"

"नाव घेते, मुलं 'हजर' म्हणतात."

"म्हणजे ऐकता. वर बघता का?"

त्या दिवसापासून मी वर बघून हजेरी घेऊ लागले. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी तिच्या बहिणीच्या नावाने 'हजर' म्हणत असल्याचं कळलं.

पाड्यावर त्या वह्यांना फार मान होता. कुणाला वयाचा दाखला हवा, कुणाला आईच्या मृत्यूची तारीख, की सगळे भाऊंच्या खोलीकडे. पण मोठं काम होतं ते वनहक्काच्या दाव्यांचं. डोंगराच्या उतारावर पाड्यातली बावीस घरं पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरई पिकवत होती आणि ती जमीन आपण कसत होतो हे त्यांना सिद्ध करायचं होतं. कागद कुणाकडेच नव्हता. भाऊंच्या वहीत होता. दरवर्षी पावसाच्या तोंडाला एकेका घराचं नाव आणि पुढे: 'नाचणी लावण्यास माळावर गेले. पा.'

जमनी नावाची एक बाई होती, साठीची, कारखान्यात उभं आयुष्य काढलेली. तिचा दावा पहिल्यांदा नाकारला गेला तेव्हा भाऊ स्वतः वह्या घेऊन तहसीलला गेले. साहेबांनी विचारलं, "तुम्ही कारखान्यात बसणारे. माळावर कोण काय लावतंय ते तुम्हाला काय दिसणार?"

"दरवर्षी वर चढून बघत होतो," भाऊ म्हणाले. "शेठला वाटायचं, हे लोक शेतीचं नाव सांगून घरी झोपतात. मला बघायला पाठवायचा. जमनीच्या तुकड्याला तीन बाजूंनी दगड रचून बांधलेली ताल आहे, चौथ्या बाजूला मोहाचं झाड. झाडाला वीज लागलेली आहे, वरून. चला, दाखवतो."

साहेब गेले नाहीत. पण वह्या पुरावा म्हणून धरल्या गेल्या. एकट्या जमनीच्या नाही, बावीसही घरांच्या दाव्याला त्या वह्यांच्या पानांच्या प्रती जोडल्या गेल्या. पुढे शेजारच्या गावातला एक वजनदार गृहस्थ आपलंही नाव कुठल्यातरी जुन्या पानावर बसवून घ्यायला आला होता. भाऊंनी त्याला चहा दिला, ते पान काढलं आणि वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचून दाखवलं. संपल्यावर पुन्हा वरून सुरू केलं. तिसऱ्या वाचनाला तो गृहस्थ उठून गेला. ही गोष्ट पाड्यावर अजून सांगतात.

त्याच सुमारास धक्के वाढले. डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के लोकांना नवे नाहीत, पण त्या वर्षी ते दिवसाआड येऊ लागले. आधी जमिनीखालून लोडेड ट्रक गेल्यासारखा घरघराट, मग भांडी वाजायची, मग पायाखालची जमीन एकदाच हिसका द्यायची. माणसं अंगणात ताडपत्र्या बांधून राहू लागली. एका सकाळी शाळा उघडली तर मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग. ती भाऊंनी वाजवलेलीच भिंत होती.

वर्ग हलवायचे ठरले. स्लॅबपेक्षा पत्रा बरा, म्हणून सगळ्यांनी कारखान्याच्या शेडकडे बोट दाखवलं. वापीहून शेठच्या मॅनेजरचा फोन आला: खुशाल वापरा, भाडं नको. फक्त शेजारी ती चिमणी. म्हणून तालुक्याहून इंजिनिअर साहेब पाहणीला आले. तरुण, मन लावून काम करणारे. त्यांनी चिमणीला चारी बाजूंनी फेरी मारली. खालून वर सगळी काजळीने काळी झालेली, भेग कुठे दिसत नव्हती.

"हिचं काही जुनं रेकॉर्ड?"

रेकॉर्ड म्हटल्यावर पाच-सहा जणांनी एकदम भाऊंकडे पाहिलं. भाऊ खोलीत गेले. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा हातात वही होती, पण ती त्यांनी उघडून दिली नाही, नुसती पुढे केली. साहेबांनीच पान शोधलं आणि वाचलं: वीज पडून चिमणीचा वरचा तीस फूट भाग तडकला होता, तो उतरवून नव्याने बांधला. 'अव्वल वीट, पक्की भाजलेली. पा.'

"उत्तम," साहेब म्हणाले. "आजकाल कोण एवढं लिहून ठेवतं! काका, तुमच्यासारखी माणसं प्रत्येक गावात पाहिजेत."

भाऊंनी वही त्यांच्या हातातून काढून घेतली. मला वाटलं, लाजले.

शेडमध्ये वर्ग सुरू झाले. अडतीस मुलं. शिवाय चिमणीच्या सावलीत कारखान्याच्या वेळची सहा घरं होती, ती तिथेच राहिली. चिमणी सुरक्षित ठरल्यावर त्यांना दुसरी जागा कोण देणार?

दुसऱ्याच दिवसापासून भाऊ शेडमध्ये येऊन बसू लागले. मुलांचे बस्कर उचलून चिमणीपासून लांबच्या टोकाला टाकायचे. मी पुन्हा फळ्याजवळ बोलवायचे, ते पुन्हा हलवायचे. चिमणीच्या बुडाशी त्यांनी कागदाच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या, प्रत्येकीवर वेळ लिहिली. पट्टी फाटली तर भिंत हलली. पट्ट्या फाटत नव्हत्या. तरी भाऊ दर तासाला पाहून यायचे आणि मग मान वर करून काजळीतल्या त्या उंच टोकाकडे बघत उभे राहायचे. त्यांचं जेवण कमी झालं होतं. मुलगा ठेवून गेलेली बोंबलांची पिशवी दाराला तशीच टांगलेली असायची.

"बाई, पोरांना इथून न्या," एक दिवस ते म्हणाले.

"का, भाऊ?"

"न्या."

"कुठे नेऊ? आणि केंद्रप्रमुखांना कारण काय लिहू? साहेबांनी सही केलीय, तुमच्याच वहीवर केलीय. तुम्हाला काही दिसलंय का?"

त्यांनी नजर वळवली.

"मग ऐकलंय का कुणाकडून?" माझा आवाज चढला होता. रोज अडतीस मुलांना घेऊन त्या शेडमध्ये बसायचं, प्रत्येक घरघराटाला त्यांना बाहेर काढायचं, परत आत आणून 'चला, कविता' म्हणायचं, हे मला झेपत नव्हतं. "दुसऱ्याला एवढं विचारता, आता स्वतः सांगा ना."

भाऊंनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा कानावर ठेवली आणि निघून गेले. पुढचे दोन दिवस ते शेडकडे फिरकले नाहीत. खोलीचं दार आतून बंद होतं. मला वाईट वाटलं आणि थोडं हलकंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलं खिचडी खाऊन ताटल्या धुवायला शेडबाहेरच्या ओट्यावर गेली होती. घरघराट आला. धक्का मोठा नव्हता, मुलींनी ताटल्यासुद्धा खाली ठेवल्या नाहीत. मी त्यांना हाका मारत होते तेवढ्यात पाठीमागे काहीतरी आपटलं. वळून पाहिलं तर ओट्यापासून चार हातांवर फरशीवर पिवळा भुगा पडलेला आणि त्यात अर्ध्या विटेचा तुकडा. बाहेरून काळा, आतून हळदीसारखा.

भाऊ धावत आले. ह्या माणसाला मी कधी धावताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तो तुकडा उचलला, बोटाने दाबला. त्याची कड बिस्किटासारखी सुटून आली. पक्की भाजलेली वीट लाल असते, आपटली तर टणकन वाजते, एवढं मलाही आता कळत होतं. ही कच्चीच राहिलेली होती.

"कुणाला लागलं?"

"नाही."

"सगळी आहेत? मोजलीत?"

"मोजली."

ते ओट्यावर बसले. मग खाली बघत त्यांनी मला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "उद्या साहेबांना बोलवा. मॅनेजरलाही. आज मुलांना घरी सोडा. मला आधी पाड्यावर जायचंय."

ते घरोघर गेले. बावीसही घरी. मी त्यांच्यासोबत होते, कारण त्यांना एकटं सोडायची मला भीती वाटली. प्रत्येक अंगणात तेच सांगायचे: चिमणीची नोंद खोटी आहे, मी लिहिलेली आहे, उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे, मग तुमच्या दाव्यांना जोडलेल्या वह्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. काही जणांना नीट कळलंच नाही. ज्यांना कळलं ते उठून आत गेले. एका तरुणाने, "आमच्या बापाचं आयुष्य गेलं ह्या कागदापायी," म्हणून भाऊंच्या अंगावर धाव घेतली. त्याच्या आईने त्याला धरलं, पण भाऊंना बसा म्हणाली नाही.

जमनी चुलीपुढे भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं तरी तिचे हात थांबले नाहीत.

"तुमी बोलाल तं माझा माळ जाईल?"

"जाऊ शकतो."

"मंग नका बोलू. पोरं आमचीच हायत. आमी नाय पाठवणार शाळेत. पडूं दे ती चिमणी."

"आणि खालची सहा घरं, जमनी? त्यांना काय सांगून उठवू? सरकारने धोका म्हटल्याशिवाय त्यांना दुसरीकडे कोणी पाल तरी ठोकू देईल का?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. एवढी वर्षं ज्या घरी भाऊंना गूळ-पाणी मिळायचं, तिथून आम्ही पाणी न पिता निघालो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता कारखान्याच्या अंगणात इंजिनिअर साहेब, मॅनेजर, सरपंच आणि जवळजवळ सगळा पाडा जमला होता. पण पाडा लांब उभा होता, भाऊंच्या मागे कोणीच नव्हतं. भाऊंनी टेबलावर वही उघडली. पानावर बोट ठेवलं.

"ही नोंद खोटी आहे," ते म्हणाले. "अव्वल वीट त्या वर्षी सगळी बाहेर गेली होती. भट्टीच्या कडेच्या कप्प्यात कच्ची राहिलेली वीट शिल्लक होती, ती वापरली."

साहेबांनी पान स्वतःकडे वळवलं. "पण काका, हे अक्षर तुमचंच आहे. पुढे 'पा' लिहिलंय. पाहिले."

"पाहिलं होतं. पाहिलं एक आणि लिहिलं दुसरं."

"कोणी जबरदस्ती केली?"

"नाही," भाऊ म्हणाले. "कोणी धाक घातला असता तर मला आज सांगायला सोपं गेलं असतं. शेठ चहा पीत होता, मीपण पीत होतो. तो म्हणाला, तामोरे, अव्वल लिहून टाक. मी लिहून टाकलं. वाटलं, चिमणी काय, कोण वर जाऊन बघणार आहे."

मॅनेजर हसला. "साहेब, काकांचं वय झालं. एकटे राहून राहून डोक्यावर परिणाम थाय. वही शुं बोलते ते बघा ना."

"काल वरून तुकडा पडलाय," मी पुढे होऊन म्हटलं. "मुलांपासून चार हातांवर."

"बेन, तुमी वरून पडताना जोयो? म्हणजे, पाहिला?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. मला 'हो' म्हणायचं होतं. एका शब्दाने काम झालं असतं. भाऊ माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "आवाज ऐकला. वळले तेव्हा खाली होता."

"मग कोई पण आणून ठेवेल," मॅनेजर म्हणाला. "जागा रिकामी करवायची, सरकारकडून दुसरी घ्यायची. आम्हाला समजत नाय?"

साहेब वहीवर वाकले होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "काका, नीट विचार करून सांगा. ह्याच वह्या दाव्यांना जोडल्या आहेत ना? तुम्ही एक पान खोटं म्हणालात की मला ते वर कळवावं लागेल. मग कोणी विचारेल, बाकीची खरी कशावरून?"

"काल घरोघर जाऊन तेच सांगून आलो," भाऊ म्हणाले. "तुम्ही लिहा."

साहेबांनी पेन काढलं, पण लिहिलं नाही. मला त्यांची अडचण दिसत होती. एका बाजूला चाळीस-एक वर्षांचा कागद आणि दुसऱ्या बाजूला तो कागद लिहिणारा म्हातारा, जो आता म्हणतोय की कागद खोटा. नुसत्या शब्दावर ते तरी काय करणार?

तेवढ्यात मागच्या घोळक्यातून जमनी पुढे आली. पदर खोचलेला, चेहरा रागाने ताठ. ती भाऊंकडे बघतच नव्हती.

"पिवल्या होत्या," ती साहेबांना म्हणाली. "मी वायल्या. डोईवर. बांबूच्या शिडीवरून. हाताला रंग लागं, कपाल पिवला होई. आमी बायका हसू एकमेकीला, हलद लागली म्हणून."

"तुम्ही तेव्हा होता कशावरून?" मॅनेजरने विचारलं.

साहेब पुन्हा वहीवर वाकले. त्याच पानावर, त्या खोट्या ओळीच्या खाली, त्या दिवशीच्या माणसांची यादी होती. त्यांनी बोट फिरवत फिरवत एका जागी थांबवलं आणि वाचलं: "'जमनी, विटा वर वाहणे.'"

त्यांनी टेबलावरचा पिवळा तुकडा हातात घेतला, अंगठ्याने दाबला, भुगा खाली झटकला. मग वर चिमणीकडे पाहिलं. एवढा वेळ त्यांनी वर पाहिलं नव्हतं.

"शेड आत्ता रिकामी करा," ते म्हणाले. "घरंसुद्धा. माझ्या सहीने."

त्या दुपारी मुलांनी फळा, पेट्या, खिचडीचं पातेलं सगळं ग्रामपंचायतीजवळच्या मांडवात नेलं. सहा घरांतला संसार गायरानावर ताडपत्र्यांखाली आला. शेवटी भाऊंची खोली राहिली. एकसष्ट वह्या. मी स्कूटीवर किती नेणार? मी पहिला गठ्ठा उचलत होते तेव्हा पाड्यावरच्या बायका आल्या. कोणी भाऊंशी बोललं नाही. त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली, लाल गठ्ठे उचलले आणि रांगेने जमनीच्या घराकडे चालू लागल्या. भाऊ मागून मोजत होते.

नवव्या दिवशी, सकाळी अकराच्या पुढे, मी मांडवात तिसरीला बेरीज शिकवत होते. घरघराट नेहमीपेक्षा लांबला. मांडवाचे बांबू करकरले. मग दूर, पाड्याच्या टोकाला, चिमणीचं वरचं टोक किंचित वाकलं. आवाज नंतर आला. मी ते पाहिलं: तीस फुटांचा तो तुकडा तसाच्या तसा सुटला, हवेत मोडला आणि शेडवर कोसळला. पत्रे कागदासारखे दुमडले. पिवळ्या धुळीचा लोट उठला आणि मला काही दिसेना. मुलं सगळी समोर बसलेली होती, तरी मी मोजली. अडतीस. पुन्हा मोजली.

भाऊ गायरानाकडे धावले होते. सहाही घरांतली माणसं उघड्यावर उभी होती. एकाची म्हैस तेवढी शेडच्या आडोशाला होती, ती गेली.

पाड्याने त्यांना माफ केलं असं मी म्हणणार नाही. तहसीलमधून पत्र आलं, दावे थांबले. वह्यांतली प्रत्येक नोंद दोन जिवंत साक्षीदारांसमोर पुन्हा तपासायची असं ठरलं. त्यानंतर वर्षभर भाऊ काखेत वही आणि हातात काठी घेऊन पाडेच पाडे फिरले. जुने कामगार कुठे कुठे गेले होते, कोणी तलासरीकडे, कोणी समुद्राकाठी मुलीकडे. सुट्टीच्या दिवशी मी त्यांना स्कूटीवर न्यायचे. ते मागे बसून वही छातीशी धरायचे आणि खड्डा आला की "वही, वही" म्हणायचे. काही साक्षीदार भेटले. काही मेले होते. बावीसपैकी सतरा दावे पुन्हा उभे राहिले, पाच राहिले नाहीत. त्या पाचांतला एक माणूस बाजारात भाऊ समोर दिसले की रस्ता बदलायचा. भाऊही मग थांबून त्याला पुढे जाऊ द्यायचे. जमनीचा माळ तिला मिळाला. त्या दिवशी तिने भाऊंना निरोप धाडला नाही, पण दुसऱ्या दिवशी नाचणीच्या पिठाचं गाठोडं त्यांच्या दारात होतं.

वर्षाच्या शेवटी ते थकले आणि मुलाने त्यांना चिंचणीला नेलं. ह्या वेळी ते गेले.

मी त्यांना शेवटचं भेटले ती तहसीलचं काम घेऊन. वह्या तिथल्या अभिलेखात जमा करून घ्यायच्या होत्या, त्यासाठी त्यांची सही हवी होती. तिथल्या साहेबांनी सुचवलं होतं की चिमणीचं ते पान बाजूला काढून वेगळ्या फाइलला लावावं, म्हणजे बाकीच्यांवर डाग नको. ती वही मी सोबत नेली होती. मी ते भाऊंना सांगितलं. ते किनाऱ्याजवळ, बांबूच्या मांडवावर वाळत घातलेल्या बोंबलांच्या सावलीत बसले होते.

"पान वहीतच राहील," ते म्हणाले. "द्या इकडे."

खोट्या ओळीच्या खाली त्यांनी लाल पेनाने लिहिलं: 'वरील नोंद चुकीची, जाणून केलेली. वीट कच्ची होती.' खाली सही, तारीख. वेळ लागला. मग वही मिटून माझ्याकडे दिली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात होडी लागली. बायका टोपल्या घेऊन पाण्याकडे धावल्या, त्यांत त्यांची सूनही होती. तिची टोपली भरून जड झाली, ती एकटीला उचलेना. भाऊ उठले. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी पायजमा गुडघ्यांपर्यंत वर घेतला होता. पाण्यात जाऊन त्यांनी टोपलीचा एक कान धरला, दुसरा तिने धरला आणि दोघं ओल्या वाळूतून वर चढू लागली. दहा पावलं झाली की ते थांबून दम खायचे. ती टोपली खाली टेकवायची, त्यांच्या शेजारी उभी राहायची. मग पुन्हा उचलायची.

मी वही डिकीत ठेवून गाडी चालू केली आणि एकदा वळून पाहिलं. ती दोघं तेव्हा तिसऱ्यांदा थांबली होती.